जाळापासून लांब

ओल्या चिपाडाचा जाळ म्हणजे रुसून बसलेला जावई. कितीही मनधरणी करा, उठायचं नाव घेत नाही, आणि उठलाच तर नुसता धूर काढतो. यंदा मे महिन्यापासून वळवानं भांडगावच्या शिवारात असं ठाण मांडलं होतं की बापूसाहेबांच्या गुऱ्हाळावर वाळत घातलेलं उसाचं चिपाड सुकायच्या आत पुन्हा भिजत होतं. चुलवाणाच्या तोंडाशी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात बसून खंडू लोखंडी आकडीनं ते आत रेटत होता, खोकत होता, डोळे पुसत होता आणि जावयाला तोंडावर देता येत नाहीत त्या शिव्या जाळाला देत होता.

वरून गुळव्या चांगदेव ओरडला, "खंडू, जाळ वाढीव रं. रस निस्ता कोमट झालाय. आंघोळ करायची का त्यात?"

"करा की मामा. लई दिसांत केली नसंल."

वरचे गडी हसले. चांगदेवही हसला असणार, पण खंडूला ते दिसलं नाही. रसाची काहील वर आणि चुलवाण खाली, मधे मातीची भिंत. वरचा माणूस गूळ करतो, खालचा जाळ घालतो, आणि दोघांचं सगळं हाकेवर चालतं. खंडूनं उभ्या जन्मात त्या काहिलीचं बूडच पाहिलं होतं. गूळ उतरायची वेळ झाली की जाळ ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे वर ढेपा पडत असताना हा खाली निखाऱ्यांशी झटत असायचा. गूळ खायला मिळायचा, बघायला नाही.

याची त्याला तक्रार नव्हती. खंडूचा बाप भिमाजी यानं तरुणपणी वेशीत उभं राहून सांगितलं होतं की आजपासून मेलेली जनावरं ओढणार नाही, गावकीचं काम करणार नाही. त्यावर गावानं काय करायचं ते केलं, आणि भिमाजी पोटासाठी या गुऱ्हाळावर जाळ घालायला बसला. पोराला मात्र या खड्ड्यात उतरू देणार नाही, असं तो घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून म्हणायचा. पोरगं दहावीत बुडालं आणि बापाचीच आकडी हातात धरून बापाच्याच खड्ड्यात बसलं. त्या दिवसापासून खंडूच्या लेखी शिक्षणाचा अर्थ एकच होता. शिक्षण म्हणजे जाळापासून लांब जाणं. जो जितका शिकला, तो तितका लांब.

आणि त्याची करुणा लांब निघाली होती. पुण्याला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून मेकॅनिकल इंजिनीअर झाली, आणि आता एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत असे काही मार्क पाडून बसली की खंडूचा पुतण्या सम्राट फोनवर ओरडलाच. सम्राट शिरूरकडं, रांजणगावच्या कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसायचा. घराण्यात एसीत बसणारा तो पहिला माणूस, म्हणून शिक्षणाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "काका, तिला एआयच घ्यायला सांगा. आता सगळं तेच हाय."

"त्यात एसी असतोय न्हवं?"

"एसीशिवाय त्या मशिनीच चालत न्हाईत."

झालं. खंडूला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. एकदा तो सम्राटची कंपनी बघायला गेला होता तेव्हा त्या थंडीत त्याला हुडहुडी भरली होती, आणि ती हुडहुडी त्याला फार मोठ्या माणसासारखी वाटली होती. ताईबाई, त्याची बायको, अजून सांगते की परत आल्यावर त्याचं नाक दोन दिवस गळत होतं आणि तो ते पुसतही कौतुकानं होता.

आता पोरीला विचारावं, की बाई तुझं काय ठरलं? पण आनंदात माणूस विचारत नाही, सांगत सुटतो. खंडूनं सुट्टी टाकली, धुतलेला सदरा घातला आणि यवतला विनोदच्या दुकानात जाऊन फ्लेक्स करायला टाकला. आमच्याकडं निकाल लागला की पेढ्यांच्या आधी फ्लेक्स लागतो, हे सांगायला नको. विनोदनं करुणाचा फोटो मधोमध घेतला, शेजारी आपल्या पदरचा एक चकचकीत रोबोट उभा केला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एम.टेक. (ए.आय.) साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांची रांग. पहिले बापूसाहेब, फेट्यात. मग चांगदेव, मग सम्राट, मग विहार समितीची मंडळी.

"काका, तुमचा फोटो?"

"माझा कशाला? मालकाच्या रांगंत."

"आवो, बाप हायसा तुमी."

"आसूं दे. तिथं बापूसायबांचा हाय तो बास झाला."

फ्लेक्स वस्तीच्या वळणावर, विहाराच्या कुंपणाला लागून दोन बांबूंवर चढला. गुऱ्हाळापासून एक वावर अलीकडं. खंडू जाळ घालून वर आला की आधी तिकडं बघायचा. रोबोटचा एक डोळा थोडा तिरळा छापला गेला होता, पण बाकी काम झकास होतं.

करुणा शुक्रवारी एस.टी.नं आली. फाट्यावर उतरून पिशवी खांद्याला लावून चालत वळणापर्यंत पोहोचली आणि थांबली. खंडू मुद्दाम तिथंच घुटमळत होता. पोरीनं वर बघितलं, रोबोटकडं बघितलं, मग बापाकडं बघितलं.

"आप्पा, हे..."

"म्याच लावला," खंडू म्हणाला. "कसा हाय?"

तिनं बापाचा चेहरा पाहिला. धूर खाऊन लाल झालेल्या डोळ्यांत असा काही उजेड होता की तिनं जे काही बोलायचं होतं ते गिळून टाकलं. "मोठा आहे," एवढंच म्हणाली. पोरीला आनंदानं बोलवंना, असं खंडूनं धरून घेतलं. ताईबाईनं मात्र जेवताना लेकीकडं एकदाच पाहिलं आणि तिच्या ताटात न मागता अर्धी भाकरी टाकली. आईला कळतं ते असं.

सकाळी करुणा चहाची किटली घेऊन गुऱ्हाळावर आली आणि सरळ खड्ड्यात उतरून बापाशेजारी उकिडवी बसली. लहानपणी ती काठावर बसायची. खाली उतरलेली खंडूला आवडायची नाही.

"आप्पा, अजून काही ठरलेलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत भरायचंय, पहिली पसंती कुठली ते. एकदा लॉक केलं की बदलत नाही."

"मग भर की."

"मी एआय नाही भरणार. थर्मल भरणार."

"ते काय आसतंय?"

"उष्णता. बॉयलर, भट्ट्या." ती जरा थांबली. "जाळ."

खंडूची आकडी हवेतच राहिली. "कसला जाळ?"

"कुठलाही. हा पण. तो कसा पेटतो, किती वाया जातो, धूर का होतो."

"धूर व्हतोय कारन चिपाड वल्लं हाय. त्याला यम्टेक कशाला पायजे?"

करुणा हसली. खंडू हसला नाही. मग ती पण गंभीर झाली आणि हातांनी दाखवत घाईघाईनं सांगायला लागली. चिपाड बाजूच्या धुराड्याच्या गरमीवरच कसं वाळवता येईल, आपोआप आत कसं पडेल, हवा किती सोडायची. "असं चुलवाण करता येतं आप्पा. करायला पाहिजे. त्याच्यासमोर असा माणूस बसायलाच नको. तुमचा खोकला ऐकते ना मी. फोनवर पण ऐकते."

खंडूनं चिपाडाची एक कवळी आत लोटली. मग म्हणाला, "म्हंजी माझं काम घालवायला चाललीस."

करुणाला ते सुचलंच नव्हतं. बापाचा खोकला थांबवायचा एवढंच तिनं धरलं होतं. त्या खोकल्यावरच घरची चूल पेटते हे ती खोकला ऐकता ऐकता विसरली होती. तिला एकदम वाईट वाटलं आणि तिनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. खंडूनं तो काढला नाही.

नेमके तेव्हाच बापूसाहेब वर येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. करुणा दहावीला पहिली आली तेव्हा त्यांनी तिला शाल पांघरवली होती, आणि आजही फ्लेक्सवरचा आपला फेटा त्यांना आवडला होता. "काय गं करुणा, कवा आलीस? काय चाललंय बापलेकीचं खड्ड्यात बसून?"

करुणाला खोटं बोलता येत नाही. तिनं सांगितलं. बापूसाहेबांनी ऐकून घेतलं आणि पोटभर हसले.

"मग बरंच झालं की खंडू. भिमाजी बसला, तू बसलास, आता पोरगी शिकून येतीया. जागा घरातल्या घरात राहिली."

वरचे गडी खो खो हसले. बापूसाहेबांच्या मनात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जिथं लागायचं तिथं बरोबर लागलं. खंडू मालकापुढं हसतात तसं हसला. करुणा ताडकन उठली. "बापूसाहेब, जागा राखायला नाही चालले मी."

"करुणा, घरी जा," खंडू म्हणाला. आवाज चढवला नाही, पण पोरीकडं बघितलंही नाही.

त्या दिवशी चांगदेवला हाका मारून मारून घसा बसवावा लागला. जाळ कधी भडकला, कधी बसला. दुपारची एक काहील लागता लागता वाचली, आणि खंडूनं ऐकून घेतलं.

संध्याकाळी तो ओट्यावर बसून राहिला. ताईबाईनं ताट आणून ठेवलं, ते तसंच. करुणा उंबऱ्यात बसली होती.

"माझ्या बापानं वेशीत हुबं ऱ्हाऊन सांगितलं," खंडू अंगणाकडं बघत म्हणाला. "माझं पोरगं ह्या कामाला येनार न्हाई. आन् म्या आलो. तवा ठरीवलं व्हतं, माझं लेकरू जाळाकडं पाठ करून बसंल. तू तर तोंड करून बसायला निघालीस. आज समद्यांम्होरं हसलं मानूस मला."

"हसू द्या की," ताईबाई म्हणाली. "हसल्यानं काय भोकं पडत्यात व्हय अंगाला?"

"तू गप."

"का गप? मी ऱ्हातीया जल्मभर चिपाड पसरीत, मला कुनी इचारलं का, पोरीनं काय शिकावं? तिला काय आवडतंय ते तिला ठावं. तुमास्नी एसी म्हंजी सोरग वाटतोय. नाक गळतंय तिथं."

एरवी यावर खंडू हसला असता. तो हसला नाही हे बघून ताईबाईही गप्प झाली. मग करुणा म्हणाली, "आप्पा, जेवा. मी एआय भरते. ते पण काही वाईट नाही. चांगलं आहे. मी शिकेन ते."

"माझ्यासाठनं नगं."

"तुमच्यासाठीच," ती म्हणाली. "तुमची मान खाली जायला नको मला."

खंडूनं ताट ओढलं. जिंकलेल्या माणसासारखं चार घास जोरात खाल्ले, आणि पाचवा ताटातच ठेवला.

रविवारी ऊन पडलं. कडकडीत, अगदी हवं होतं तसं. ताईबाईनं आणि करुणानं गुऱ्हाळामागच्या मोकळ्या वावरात सगळं ओलं चिपाड पसरलं. दुपारपर्यंत ते असं वाळलं की पायाखाली कुरकुरायला लागलं. खंडू दोनदा वर येऊन हातात चुरगाळून गेला. पोरीनं तोंडाला ओढणी गुंडाळली होती आणि दाताळ्यानं चिपाड उलथत होती. काम चोख, पण तोंडातून शब्द नाही.

त्याला तेच खटकायला लागलं. ही पोरगी बोलायला लागल्यापासून प्रश्न विचारत आली होती. पहिलीत असेल, तेव्हा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायची आणि एकदा तिनं विचारलं होतं, "आप्पा, जाळ वर का जातो?"

खंडू कामात होता. म्हणाला, "वर काहील हाय म्हून."

ते तिला पटलं. एक अख्खा दिवस पटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन दप्तर न काढता म्हणाली, "मग शेकोटीवर काहील नसती, तरी जाळ वर का जातो?" खंडूनं तिला हाकललं होतं. जाळापाशी थांबायचं न्हाई, आभ्यास कर जा. ती गेली आणि खरंच अभ्यास करत बसली. आज ती काहीच विचारत नव्हती. मुकाट चिपाड उलथणारी पोरगी म्हणजे गुऱ्हाळावरच्या कुठल्याही बाईसारखी दिसत होती, आणि ते खंडूला बघवेना.

उन्हं कलायला लागली तसा भीमेच्या अंगानं काळा ढग उठला. चांगदेवनं वरून हाळी दिली. "खंडू, आलं रं. चिपाड झाका."

गुऱ्हाळावर पळापळ झाली. ताईबाई आणि करुणा दाताळ्यांनी चिपाड ओढत होत्या, गडी कवळ्यांनी ढीग घालत होते, खंडू जाळ सोडून वर धावला. ढीग मारला, पण झाकायचा कशानं? बापूसाहेबांची मोठी ताडपत्री कांद्यावर होती. उरलेली होती ती इतकी फाटकी की तिच्यातून चांदण्या मोजाव्यात. वारा सुटला. पहिले टपोरे थेंब धुरळ्यात आपटले. हे चिपाड भिजलं की आठवडाभर पुन्हा तोच धूर, तोच खोकला आणि वरून चांगदेवची आंघोळ.

खंडूनं इकडं तिकडं बघितलं. मग तो पळत सुटला. कोणाला वाटलं, भ्याला. तो वावर ओलांडून वळणावर गेला, बांबूला मिठी मारली, दोऱ्या दातांनी तोडल्या आणि फ्लेक्स ओढून खाली घेतला. वाऱ्यानं तो शिडासारखा फुगला आणि खंडूला दोन पावलं मागं घेऊन गेला. करुणानं लांबून पाहिलं आणि दाताळं टाकून धावली.

"आप्पा, अहो हा फ्लेक्स..."

"धर, धर तिकडून. बघत काय हुबी ऱ्हायलीस."

बापलेकीनं दोन बाजूंनी धरून तो ढिगावर टाकला. वर दगड ठेवले, कडेनं उसाच्या मोळ्या लावल्या. पाऊस धो धो आला. रोबोट चिपाडावर उताणा पडून तिरळ्या डोळ्यानं आभाळाकडं बघत होता, बापूसाहेबांच्या फेट्यावर पाणी साचलं होतं, आणि खाली चिपाड मात्र कोरडं ठाक. ताईबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चला, कामाला आला बाई येकदाचा."

करुणाला हसू फुटलं. आधी हळू, मग पोट धरून. ओली चिंब होऊन ती हसत उभी होती, आणि खंडूला तिच्याकडं बघून इतकं बरं वाटलं की त्यालाही हसू आवरेना.

खड्ड्यावर पत्र्याचं छप्पर होतं. दोघं तिथं उतरली. खंडूनं ढिगाखालून काढून आणलेली कोरडी कवळी आत टाकली आणि जाळ फडफडत उठला, धुराचा पत्ता नाही. वरून चांगदेव म्हणाला, "आता कसं. ह्याला म्हनत्यात जाळ."

खंडू आकडी गुडघ्यावर ठेवून जरा वेळ बघत राहिला. "दाबलंस का ते? पसंती का काय ते?"

"नाही अजून."

"रेंज न्हवती व्हय?"

करुणानं ओढणीचं टोक पिळलं. "होती."

खंडूनं आकडीनं जाळ सारखा केला. मग म्हणाला, "आता फ्लेक्स न्हाई. भर तुला काय भरायचं ते."

"आप्पा, लोक हसतील."

"हसून झालं की लोकांचं. फ्लेक्स उतरवताना बघितलंय समद्यांनी." तो थांबला. "येक सांग. जाळ वर का जातोय?"

करुणानं त्याच्याकडं वळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला आठवतंय?"

"म्या सांगितलं व्हतं, वर काहील हाय म्हून."

"चूक होतं ते."

"आसंल. दुसऱ्या दिशीच कळलं व्हतं मला. तू शेकोटीचं काढलंस तवा."

मग तिनं सांगितलं. गरम हवा हलकी कशी होते, थंड हवा खालून तिला कशी ढकलते. खंडूला निम्मं कळलं. पण सांगताना तिचे हात चालत होते, तोंडावर जाळाचा उजेड हलत होता, आणि बावीस वर्षांच्या त्या बाईत काठावर पाय सोडून बसलेलं ते पोर त्याला स्पष्ट दिसत होतं. आपण हिला हाकलली, तरी ही इथून गेलीच नव्हती. हे कळून त्याला वाईटही वाटलं आणि फार अभिमानही वाटला.

"तुमच्या कामाचं काय, ते मला अजून कळलं नाही आप्पा," ती म्हणाली. "ते चुलवाण झालं तर तुम्ही काय करायचं. मी विचार करतेय. खरंच."

"तू कर इचार, म्या बी करतो. तुला यायला अजून लई येळ हाय." त्यानं आकडीनं निखारा मागं सारला. "तवर म्या वर जाऊन येकदा गूळ कसा व्हतोय ते बघीन. बूडच बघितलं जल्मभर. त्वांड बघायचं ऱ्हायलंय."

करुणानं फोन काढला. हात ओले होते, बोट नीट लागत नव्हतं. खंडूनं गळ्यातल्या टॉवेलचं कोरडं टोक तिच्यापुढं धरलं. तिनं बोट पुसलं आणि दाबलं. मग खड्ड्यातून वर चढून तिनं चुलवाणाचा एक फोटो घेतला, भरल्या जाळाचा.

पुढच्या बाजारच्या दिवशी खंडू यवतला गेला. विनोदनं त्याला लांबूनच ओळखलं.

"काका, आधीचा फाटला व्हय?"

"न्हाई. कामाला लागला. नवा करायचाय. इषय बदललाय."

"काय लिहू?"

करुणानं त्याच्याकडून तो शब्द घोकून घेतला होता. घरातून निघताना होता, एस.टी.त होता, दुकानाच्या पायरीवरसुद्धा होता. काउंटरशी आल्यावर नेमका गेला. खंडूनं डोकं खाजवलं. "लिही, यम्टेक, जाळ."

"काका, असा इषय नसतोय."

"असतोय. लिही. आमच्या वस्तीत समद्यांस्नी कळंल."

विनोदनं लिहिलं. मोठ्या अक्षरांत ते वाईट दिसत नव्हतं. "रोबोट ठेवू?"

"नगं. हे टाक." खंडूनं फोन पुढं केला. करुणानं घेतलेला तो फोटो होता. चुलवाण तोंडभर पेटलेलं, आणि त्याच्यासमोर पाठमोरा, आकडी हातात, गळ्यात टॉवेल अडकवलेला खंडू.

"झ्याक हाय की. तुमी बी हायसा ह्यात. जरा उजळ करतो तुमाला."

"मला काढ."

"आँ?"

"काढून टाक मला. तिथं मानूस नगं."

विनोदला वाटलं, म्हातारा लाजतोय. त्यानं माउस हातात घेतला आणि खोडायला सुरुवात केली. आधी आकडी गेली, मग हात, मग वाकलेली पाठ. खंडू काउंटरवर कोपर टेकून बघत राहिला. टॉवेलचं शेवटचं टोक पुसलं गेलं तेव्हा पडद्यावर नुसता जाळ उरला, आणि त्याच्यासमोर मोकळी जागा. भिमाजी बसला होता ती, तो स्वतः बसत होता ती. आता तिथं कोणी नव्हतं.

"आता बेस दिसतंय," खंडू म्हणाला.

"मग तुमाला कुठं टाकू?"

खंडूनं सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा फोटो काढला. पासपोर्टचा, नवाच काढलेला, भांग पाडलेला. तो त्यानं काउंटरवर ठेवला आणि बोटानं सरळ केला.

"खाली टाक, शुभेच्छुकांत. बापूसायबांच्या शेजारी."